मोबाइल मुका होतो तेव्हा...

3 जून 2020. दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी 100 ते 110 किलोमीटर, झोत 120 चे. श्रीवर्धन, मुरूडकडच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले आणि पाठोपाठ मोबाइलही मुका झाला. मुंबई-पुण्यातली पोरं घरी फोन लावत बसली. पलीकडून एकच टेप, 'संपर्क क्षेत्राबाहेर'. टॉवरला वीज लागते ना! बॅटरी संपली की खेळ खल्लास.

मग पोलीस, अग्निशमन दल, एनडीआरएफ काय करतात? वॉकीटॉकी काढतात. जगभर ही वॉकीटॉकी आता डिजिटल होतेय आणि घोळ तिथेच आहे, कारण तिची भाषा एक नाही. अमेरिकेत 'प्रोजेक्ट 25', युरोपातून आलेले 'टेट्रा' आणि 'डीएमआर'. टेट्रा 25 किलोहर्ट्झच्या चॅनलचे वेळेनुसार चार तुकडे करतं, म्हणजे एका वाटेवर चार संभाषणं. डीएमआर 12.5 मध्ये दोन बसवतं. स्पेक्ट्रमची बचत मस्तच, पण टेट्राच्या सेटला डीएमआरचं अक्षरही कळत नाही. दोन खात्यांनी दोन वेगळे सेट घेतले, तर शेजारी उभे राहूनही ते एकमेकांना हातवारेच करणार.

ही नुसती थिअरी नाही. 11 सप्टेंबर 2001 ला न्यूयॉर्कमध्ये पोलिसांच्या हेलिकॉप्टरने दिलेला इशारा टॉवरमधल्या अनेक अग्निशमन जवानांपर्यंत पोहोचलाच नाही. त्यांचे रेडिओ वेगळे होते.

आणखी एक मेख. जुना अ‍ॅनालॉग रेडिओ लांब गेला की खरखरतो, पण 'पूल... गेला...' एवढं तरी कानावर पडतं. डिजिटल शेवटपर्यंत लख्ख ऐकू येतो आणि मग एकदम गप्प. डोंगर आणि खाड्यांच्या रायगडात हे परवडणारं नाही. म्हणून सेट-टू-सेट थेट बोलायची सोय, म्हणजे मध्ये टॉवर नको, ही मला त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट वाटते.

गंमत म्हणजे समुद्रावर हा प्रश्न कधीच सुटलाय. व्हीएचएफचं चॅनल 16, 156.8 मेगाहर्ट्झ. संकटात मालवाहू जहाज असो, तटरक्षक दल असो की व्हीएचएफ सेट असलेली मासेमारी बोट, हाक तिथेच मारायची. साधा अ‍ॅनालॉग, पण सगळ्यांचा एकच. बंदरात उतरल्यावर मात्र तोच सेट पोलिसांच्या डिजिटल वॉकीटॉकीपुढे मुका.