अंगणात डाळिंब लावा, पण रक्तही तपासून घ्या

बाळंतिणीला भेटायला जाताना किंवा दवाखान्यात भरती असलेल्या नातेवाइकाला पाहायला जाताना आपल्या लोकांच्या पिशवीत हमखास डाळिंब असते. "डाळिंबाने रक्त वाढते" हे त्यामागचे कारण. फळ लाल, रक्तही लाल, म्हणून तसे वाटणे साहजिक आहे. पण रंगावरून गुण ठरत नाही. १०० ग्रॅम दाण्यांत लोह अर्धा मिलिग्रॅमही नसते. गर्भवतीला सरकारी दवाखान्यातून फुकट मिळणाऱ्या एका गोळीत ते ६० मिलिग्रॅम असते. रोजीचे पैसे मोडून डाळिंब आणणाऱ्या घराला हा फरक माहीत असायला हवा.

मग डाळिंब खाऊच नये का? जरूर खावे. त्यात पाणी आहे, तंतू आहेत, थोडे क जीवनसत्त्व आहे, आणि आजारी माणसाच्या तोंडाला चव येते. अडचण भावाची आहे. एक फळ आणले तर पाच जणांत वाटून मुलांच्या हाती मूठभर दाणे येतात. म्हणून आम्ही म्हणतो, झाडच लावा. डाळिंब हे कोरड्या हवेचे, कमी पाण्याचे झाड आहे. त्याला दोन फूट जागा आणि पाच-सहा तासांचे ऊन पुरते.

रोप आणि ड्रम

खाल्लेल्या फळाच्या बियांपासून झाड होते, पण फळ तसेच येईल याची खात्री नसते आणि वाटही जास्त पाहावी लागते. कलम किंवा गुटीचे रोप सरकारी अथवा कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून घ्या. भगवा किंवा गणेश वाण मागा. गणेश हा आपल्या महाराष्ट्राचाच वाण. पुण्याच्या गणेशखिंड येथे डॉ. चीमा यांनी १९३६ मध्ये तो निवडला. याचे बी मऊ असते, म्हाताऱ्यांना चावायला सोपे. अगदी लहान मुलांना मात्र दाणे कुस्करूनच द्या, अख्खा दाणा घशात अडकू शकतो.

फुटका प्लास्टिकचा ड्रम अर्धा कापला तरी चालतो. रसायनाचा किंवा ऑइलचा ड्रम घेऊ नका. बुडाला पाच-सहा भोके पाडून वर विटांचे तुकडे टाका. नागपूरची काळी माती एकटी वापरली तर पावसात चिखल होतो आणि मुळे कुजतात. म्हणून एक भाग माती, एक भाग रेती किंवा मुरूम, एक भाग कुजलेले शेणखत असे मिसळा. जून-जुलैत पाऊस पडला की रोप लावा.

पहिली दोन वर्षे आलेली फुले खुडून टाका, झाडाला अंग धरू द्या. तीन-चार खोडे ठेवून बुडातून येणारे फुटवे काढत राहा. तिसऱ्या वर्षापासून फळ धरा. सगळ्या फुलांना फळ लागत नाही. बुडाशी माठासारखे फुगीर असलेले फूल फळ धरते, निमुळते घंटेसारखे फूल गळून जाते. ते गळले म्हणून घाबरू नका. फुलापासून फळ पिकायला पाच ते सहा महिने लागतात.

एक फुलपाखरू कोवळ्या फळावर अंडी घालते आणि त्याची अळी आत शिरून फळ पोखरते. लेकरे खेळतात तिथे विषारी फवारणी नको. फळ लिंबाएवढे झाले की जुन्या सुती कापडाची सैल पिशवी बांधा.

पाणी, कूलर आणि डास

नळाला एक तास पाणी येते तिथे झाडाला कुठून द्यायचे, हा प्रश्न बाया विचारतात. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी द्या. साबणाचे देऊ नका. उन्हाळ्यात कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करा आणि ते पाणी डाळिंबाला घाला. हे झाड थोडे खारे पाणीही सोसते. टाकी घासून कोरडी केली तर डेंग्यूच्या डासाची चिकटलेली अंडीही निघून जातात. ड्रमखाली पाणी साचणारी थाळी ठेवू नका, त्यातही तोच डास वाढतो.

मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा ड्रम तापून मुळे भाजतात. बाहेरून ओले गोणपाट गुंडाळा, मातीवर वाळलेला पालापाचोळा पसरा. पाणी कधी खूप, कधी नाहीच, असे झाले तर फळे तडकतात. थोडे द्या, पण नेमाने द्या.

साल उकळून पाजू नका

जुलाब लागले की डाळिंबाची साल उकळून पाजायची रीत आहे. लहान मुलाचा जीव जुलाबात अंगातले पाणी आणि क्षार गेल्याने जातो. त्यावर ओआरएस आणि १४ दिवस झिंकची गोळी हाच उपाय. दोन्ही आशाताईंकडे मिळते. झाडाच्या मुळाची साल तर विषारी असते. जंतासाठी ती कोणालाही देऊ नका.

रक्ताचे काय?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. पाच वर्षांखालच्या मुलांत हे प्रमाण ६८.९ टक्के होते. स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या वर, गर्भवतीचे ११ च्या वर हवे. लोहासाठी मेथी, चवळी, हरभरा, तीळ, सुकट, मटण, जे परवडेल ते खा. जेवणावर लिंबू पिळा. जेवणाला लागून चहा घेऊ नका, चहा लोह अडवतो. गर्भवतीने रोजची गोळी १८० दिवस चुकवू नये. शौचाला काळे होते म्हणून बंद करू नये.

विदर्भात आणखी एक गोष्ट आहे. आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत सिकलसेल जास्त आढळतो. सतत हातपाय दुखतात, डोळे पिवळे होतात, रक्त वारंवार उतरते, अशा मुलाला डाळिंब आणि टॉनिक देत बसण्यात वर्षे जातात. हा आजार आईवडिलांकडून येतो, खाण्याने बरा होत नाही. अशा रुग्णाला लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच द्यावी, कारण वारंवार रक्त चढवल्याने अंगात लोह आधीच साठलेले असू शकते. त्याला भरपूर पाणी पाजा, उन्हात दमवू नका, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मेडिकल, मेयो, डागा या सरकारी रुग्णालयांत तपासणी होते.

आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ सिकलसेलग्रस्त असण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक माणूस धडधाकट दिसतो, म्हणून चाचणीशिवाय कळत नाही. पत्रिका पाहणे आपण सोडले ते चांगलेच केले. आता सोयरीक जुळवताना मुलामुलीचा सिकलसेलचा अहवाल पाहायची रीत पाडू.

विहाराच्या आवारात जागा असेल तर तिथेही दोन झाडे लावा, वस्तीतल्या मुलांना खाता येतील. रोप जूनमध्ये लागेल. रक्ताची चाचणी मात्र याच आठवड्यात करून घ्या.