उसाची उंची आणि साखर

साखर तयार होते उसाच्या पानांत आणि सांठते त्याच्या कांड्यांत. म्हणून कांडें लांबलें कीं सांठवणीची जागा वाढते. ही लांबी वाढविणारें एक संजीवक म्हणजे जिबरेलिन. त्याचा शोध भाताच्या एका रोगांतून लागला. रोगट रोपें अवाजवी उंच होत आणि दुबळीं राहत. ही उंची एका बुरशीनें स्रवलेल्या द्रव्यामुळें येते, असें १९२६ सालीं कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञानें दाखविलें; १९३५ मध्यें याबुता यांनीं त्या द्रव्यास नांव दिलें. पुढें हवाई बेटांत, थंडीनें उसाची वाढ मंदावली असतां, तेंच अत्यल्प मात्रेनें फवारीत; त्यामुळें कांडीं लांबत व उसाचें वजन वाढे.

परंतु उंची वाढली म्हणून गोडी वाढतेच असें नाहीं. वाढता ऊस आपली साखर वाढीसाठींच खर्चितो. यास्तव तोडणीपूर्वीं कांहीं आठवडे इथेफॉनसारखें द्रव्य फवारून वाढ आवरतात, म्हणजे साखर कांड्यांत सांठूं लागते. पहिलें द्रव्य तोडणीच्या तोंडावर दिलें, किंवा दुसरें ऐन वाढींत दिलें, तर नुकसान शेतकऱ्याचें. शिवाय पाण्याची व खताची उणीव यांपैकीं कोणतेंच द्रव्य भरून काढीत नाहीं. तहानलेल्या शेतांत फवारणीचा पैसा वायांच जावयाचा.