परदेशी मजूर आणि लंडनचे टपाल कामगार

परक्या देशातून मजूर आला की तेथील जुन्या मजुराला पहिली चिंता वाटते ती आपल्या मजुरीची. नवा माणूस कमी पैशांत राबेल आणि आपली जागा जाईल, ही भीती सर्वस्वी निराधार नसते. कारण पुष्कळदा कारखानदार त्याच हिशेबाने त्याला कामावर घेत असतो. मात्र या भीतीचा रोख येणाऱ्या मजुराकडे वळावा, की त्याला कमी मजुरी देणाऱ्याकडे? लंडनच्या कामगारांनी या प्रश्नाची दोन परस्परविरुद्ध उत्तरे दिली, आणि त्या दोहोंत अवघ्या नऊ वर्षांचे अंतर होते.

पहिले उत्तर १९६८ सालचे. त्या वर्षी एप्रिलमध्ये इनॉक पॉवेल या हुजूर पक्षाच्या खासदाराने राष्ट्रकुलातून येणाऱ्या लोकांविरुद्ध जहाल भाषण केले. तेव्हा लंडनचे गोदी कामगार हातचे काम टाकून त्याच्या समर्थनार्थ पार्लमेंटवर चालून गेले.

दुसऱ्या उत्तराची सुरुवात वायव्य लंडनमधील ग्रनविक या कंपनीत झाली. गिऱ्हाइकांनी छायाचित्रांची फिल्म टपालाने पाठवावी आणि कंपनीने छायाचित्रे काढून टपालानेच परत करावीत, असा तिचा व्यवसाय होता. कामगारांत पूर्व आफ्रिकेतून आलेल्या भारतीय वंशाच्या स्त्रियांचा भरणा मोठा. वेतन अल्प, आणि हंगामात जादा कामाची सक्ती. २० ऑगस्ट १९७६ रोजी गुजरातेत जन्मलेल्या जयाबेन देसाई या सक्तीला विरोध करून कामावरून बाहेर पडल्या. पाठोपाठ आणखी कामगार आले. त्यांनी युनियनचे सभासदत्व घेतले. कंपनीने संपकऱ्यांना बडतर्फ केले.

या कंपनीचा प्राण टपालात होता, हे क्रिकलवुडच्या टपाल कामगारांनी ओळखले. त्यांनी कंपनीच्या टपालाला हात लावण्याचे नाकारले. कायदा त्यांच्या बाजूला नव्हता. १९७७ च्या उन्हाळ्यात त्यांनी पुन्हा हेच पाऊल उचलले, तेव्हा त्यांना कामावरून दूर ठेवण्यात आले आणि स्वतःच्या पगारावर पाणी सोडावे लागले. ११ जुलै १९७७ रोजी हजारो कामगार कारखान्याच्या दारात जमले. त्यांत यॉर्कशरचे खाणकामगार होते, आणि आपले निशाण घेऊन आलेले लंडनचे गोदी कामगारही होते.

तरीही संप फसला. कंपनीच्या पाठीराख्यांनी तुंबलेली पाकिटे परस्पर बाहेर काढून गावोगावच्या टपालपेट्यांत टाकली. न्यायमूर्ती स्कारमन यांच्या चौकशी समितीने संपकऱ्यांना परत घेण्याची शिफारस केली. कंपनीने ती धुडकावली. वरिष्ठ कामगार पुढाऱ्यांचा पाठिंबाही ओसरला. त्या पाठिंब्याला जयाबेननी कोपराला लावलेल्या मधाची उपमा दिली. ‘कोपराला गूळ’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला तिचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. नोव्हेंबर १९७७ मध्ये त्यांनी व इतर काहींनी मध्यवर्ती कामगार संघटनेच्या कचेरीसमोर उपोषण केले, तेव्हा त्यांच्याच युनियनने त्यांचे सभासदत्व काही काळ स्थगित केले. जुलै १९७८ मध्ये संप मागे घेण्यात आला. कोणालाही नोकरी परत मिळाली नाही.

मग या लढ्याने साधले काय? नवागताला हाकलून जुन्याची मजुरी वाढत नाही. नवागताची मजुरी आपल्याइतकी झाली, तरच त्याला स्वस्तात राबवण्याचा मोह संपतो. हा हिशेब क्रिकलवुडच्या टपाल कामगारांना उमगला होता, आणि त्यापायी त्यांनी स्वतःच्या पगाराची झीज सोसली. ज्या गोदींतून १९६८ साली परक्यांविरुद्ध मोर्चा निघाला, तेथील निशाण १९७७ साली त्यांच्या बाजूने उभे राहिले. माणसांची मने इतक्या थोड्या वर्षांत पालटू शकतात, ही त्या पराभवातील जमेची बाजू होय.