न हलणारा हात

बेळगावच्या बसस्थानकावर पाच मिनिटे नुसते उभे राहून पाहा. गाडी लागली की पुरुषांचा हात खिशावर जातो, बायकांचा पदरावर किंवा पर्सवर. सगळे जागच्या जागी असते, तरी जातो. नंतर विचारले तर उत्तर येते, "मी? छे हो!"

होमिओपॅथीत रुग्णाचे ऐकण्याइतकेच त्याला निरखण्याला महत्त्व आहे. हानेमानने 'ऑर्गनॉन'मध्ये तसे बजावलेच आहे. पण निरखायला दवाखाना ही तितकी चांगली जागा नव्हे, हे मला उशिरा समजले. तिथे माणूस सावध असतो. "जरा चालून दाखवा" म्हटले की तो कवायतीत असल्यासारखा दोन्ही हात हलवत चालतो.

टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर सकाळी फिरायला येणारे एक निवृत्त मास्तर होते. माझे रुग्ण नव्हते, नमस्काराची ओळख. एका पावसाळ्यात मला दिसले की चालताना त्यांचा उजवा हात हलतो, डावा नुसता लोंबतो. चार-सहा दिवस पाहिले, तेच. मनात शंका आली. पण न विचारता कुणाच्या आजाराबद्दल कसे बोलायचे, म्हणून गप्प बसलो. आठ महिन्यांनी त्यांची सून दवाखान्यात आली. खांदा आखडला समजून तेल चोळणे, शेकणे सगळे झाले होते. अक्षर बारीक होत गेले होते. सही जुळत नाही म्हणून बँकेने चेक परत केला होता. "म्हातारपण म्हणायचं, दुसरं काय?" असे घरचे म्हणत होते. मी पुड्या बांधल्या नाहीत, मेंदूविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. निदान झाले पार्किन्सन्सचे, म्हणजे आपण ज्याला कंपवात म्हणतो त्याचे. कंप मात्र त्यांना तेव्हा जवळजवळ नव्हताच. नावामुळे आपण थरथर शोधत बसतो आणि हरवलेली हालचाल डोळ्यांतून निसटते.

असे का होते? लहानपणी शिकलेले चालणे पुढे मेंदूच्या आतल्या भागातल्या गाठींकडे सोपवले जाते. हात हलणे, पापण्या लवणे, बोलताना चेहरा खुलणे हे सारे त्या न सांगता चालू ठेवतात. त्यांना डोपामाइन हे रसायन लागते. ते पुरवणाऱ्या पेशी मरू लागल्या की आपसूक होणाऱ्या हालचाली आधी मंदावतात, मुद्दाम केलेल्या बऱ्याच टिकून राहतात. म्हणून 'हात हलवा' म्हटले की हात हलतो, लक्ष दुसरीकडे गेले की थांबतो. पुढे पाऊल अडू लागते, तेव्हा फरशीवर आडव्या पट्ट्या आखल्या तर अनेकांना ते उचलता येते. आमच्या मुनींची ईर्यासमिती म्हणजे चार हात पुढची जमीन पाहत, जीव सांभाळत टाकलेले पाऊल. ते लक्ष ते व्रत म्हणून देतात; या रुग्णाला ते नाइलाजाने द्यावे लागते.

ज्या लंडनच्या डॉक्टरच्या नावाने हा आजार ओळखला जातो, त्या जेम्स पार्किन्सनने 1817 साली त्यावर छोटा निबंध छापला. त्यात रुग्ण अवघे सहा. त्यांतले दोघे त्याला रस्त्यात सहज दिसलेले आणि एकाला तर त्याने फक्त दुरून पाहिलेले! आजच्या परीक्षकांनी असा प्रबंध दारातूनच परत केला असता.

आता लगेच शेजाऱ्यांचे हात मोजायला निघू नका. पिशवी, छत्री, मोबाइल, खरोखरच आखडलेला खांदा, कशानेही हात थांबतो. एकाच बाजूचा हात, रिकामा असूनही, आठवड्यांमागून आठवडे हलत नसेल, जोडीला अक्षर बारीक झाले असेल, चेहरा थिजल्यासारखा वाटत असेल, तर तपासून घ्यावे. औषधाने हा आजार मुळातून जात नाही. पण हालचाल बरीच सुधारते, आणि नसलेल्या दुखण्याचे उपचार तरी थांबतात.

मास्तर अजून मैदानावर येतात. एकदा त्यांनी विचारले, "डॉक्टर, तुम्हाला आधी काही दिसलं नव्हतं?" मी खरे ते सांगितले. ते काही बोलले नाहीत. उरलेली फेरी आम्ही तशीच पुरी केली.

त्यानंतर मी बोलतो. चारचौघांत नाही, आधी घरच्या माणसाला बाजूला घेऊन सही आणि चालण्याबद्दल विचारतो. आतापर्यंत तिघांना विचारले. दोघांचे काही निघाले नाही, आणि त्यांतल्या एकाच्या घरचे माझ्याशी अजून बोलत नाहीत.