दिलेली काडी राहते

वाचकहो, लांबट मण्यांची सोनाका द्राक्षे आपण चवीने खाता. हा वाण प्रयोगशाळेत जन्मलेला नाही. सोलापूरजवळच्या नान्नजचे शेतकरी नानासाहेब काळे यांनी तो थॉमसन सीडलेस द्राक्षातून निवडून काढला.

हे कसे घडते? वेलीच्या एखाद्याच फांदीत कधी आपोआप बदल होतो. तिचे मणी निराळे दिसतात. घाईचा माणूस तेही घड पाटीत टाकतो. नजरेचा माणूस त्या फांदीला दोरी बांधतो, तिच्या काडीची कलमे करतो आणि गुण टिकतो का, हे दोन-चार हंगाम पाहतो.

पण एवढ्याने भागत नाही. बिनबियांच्या द्राक्षाचा वंश काडीनेच चालतो. ती दुसऱ्याला दिलीच नाही, तर एक दुष्काळ किंवा केवड्याची एक साथ, आणि वाण संपला! सोनाका सांगलीपर्यंत पोचला, तो काडी हातोहात गेली म्हणूनच.

आपल्याही रानात वेगळे वांगे असेल, न लोळणारी ज्वारी असेल. घरातल्या आजीला बी राखण्याची एखादी खास रीत ठाऊक असेल. ती वहीत तारखेनिशी टिपा. चार घरी बी द्या, रीतही सांगा. दिले म्हणजे आपले नाव गेले, असे समजू नका. 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला आपला वाण स्वतःच्या नावे नोंदवता येतो. आणि एखाद्या साली आपले बी बुडालेच, तर शेजाऱ्याच्या कणगीतून मूठभर परत आणता येईल.