आकडो गॅसाचो

आंबोलीचे आमचे घर यंदा दुरुस्तीला काढले. पुतण्याला तिथे पर्यटकांसाठी दोन खोल्या करायच्या आहेत. माजघराच्या तुळईला एक जाड लोखंडी आकडा आहे. तो पाहून पुतण्याने विचारले, "काकी, हा कशाला?"

काकी म्हणाली, "ह्यो आकडो गॅसाचो रे! लग्नाक, गणपतीक हयसर गॅस टांगीत."

पुतण्या दचकला. त्याच्या लेखी गॅस म्हणजे सिलिंडर! तुळईतून नळी गेली आहे की काय, म्हणून तो भिंती ठोकून पाहू लागला. मला हसू आले, पण त्याची चूक नव्हती. एकच शब्द तीन पिढ्यांत तीन वस्तूंना लागला.

काकीचा गॅस म्हणजे पेट्रोमॅक्स. हवा भरली की रॉकेल वर चढते, तापून त्याची वाफ होते आणि ती जाळीच्या मेंटलमध्ये पेटते. दशावताराच्या रात्री याच उजेडात रंगत. नळाचा गॅस मात्र शहराचा. मुंबईत तो १८६०च्या दशकात आला, कोळशापासून बनवलेला. गिरगावातल्या माझ्या मामाच्या इमारतीत भिंतीतून वीतभर नळी बाहेर आलेली होती आणि तिला पितळी चावी होती. मामी तिला भाजीची पिशवी अडकवायची. दिव्याच्या दांडीवर अशी चावी दिसली, तर तो गॅसचा दिवा समजावा. आणि अशी नळी कितीही जुनी असली तरी ती रिकामीच आहे, असे परस्पर ठरवू नये. आंबोलीत कोळशाची भट्टी नव्हती की नळ नव्हते. आमच्या तुळईत गॅस असणे शक्यच नव्हते.

धोका होता तो वेगळाच, आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते.

भिंतीवरून लाकडी पट्ट्या गेल्या होत्या. त्यांना केसिंग-कॅपिंग म्हणतात. खालच्या पट्टीच्या खाचांत वायर आणि वर लाकडी झाकण. झाकण उघडले तेव्हा आत कापडी विणीची रबरी वायर निघाली. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, भिंती महिनोन्‌महिने ओल्या असतात. वयाने रबर कडक झाले होते, बोट लावताच त्याचे तुकडे पडले. आतली तार पांढरी होती. पुतण्या म्हणाला, "अ‍ॅल्युमिनियम." मी टोक खरवडले, आत लालसर तांबे निघाले. रबरातल्या गंधकाने तांबे खराब होऊ नये म्हणून तेव्हा त्याला कथिलाचा मुलामा देत. पांढरी तार आणि वर रबर दिसले, की वायरिंग जुन्या जमान्याचे आहे हे ओळखावे.

दाराजवळ पितळी टोपीचा गोल स्विच होता, खाली दोन पिनांचा सॉकेट. तिसरे भोक नाही, म्हणजे अर्थिंग नाही. बोर्डावर चिनी मातीचे दोन किटकॅट फ्यूज.

पुतण्याने स्विच दाबला, दिवा लागला नाही. "लाइन मेलेली आहे," म्हणत तो पक्कड घेऊन स्टुलावर चढला. मी त्याला खाली उतरवले आणि वायरला टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा लागला.

कारण त्या दोन फ्यूजमध्ये होते. पूर्वी फेजला एक आणि न्यूट्रलला एक असे दोन फ्यूज बसवायची पद्धत होती. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवा विझतो, पण फेज तारेत जिवंतच राहते. घर अंधारात असते आणि भिंतीत वीज असते. ओल्या जमिनीवर उभ्या माणसाने ती तार धरली, तर पुढचे सांगायला नको. आणि टेस्टर लागला नाही म्हणून निर्धास्त होऊ नये, टेस्टरही बिघडतो. आधी चालू सॉकेटवर तो तपासावा, मग मेन बंद करून पुन्हा पाहावे. बाकीचे काम परवानाधारक वायरमनचे.

आम्ही तेच केले. वायरमनने सगळी जुनी तार काढली, नवी तांब्याची ओढली, अर्थिंग केले आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच मेनवर बसवला. खर्च पुतण्याच्या अंदाजाच्या दुप्पट झाला. रंगाचा दर्जा थोडा खाली आणून तो भागवला. पर्यटकांना रंग दिसतो, वायर दिसत नाही, हे त्याचे म्हणणे खरे होते. पण तारेजवळचा हात त्याचाच होता, त्यामुळे तो फारसा बोलला नाही.

पितळी स्विच तार तोडून तसाच भिंतीवर ठेवला. आकडाही ठेवला. संध्याकाळी नवे दिवे लागल्यावर काकी तुळईखाली उभी राहिली आणि बराच वेळ वर पाहत म्हणाली, "गॅस नाय तर नाय, आकडो तरी आसा."