पिलांची ऊब



खुडूक कोंबडी पिलांना पंखांखाली घेते, ती त्यांची शेगडीच म्हणा ना! पण एका दिवसाची पन्नास पिले पेटीतून पुसदच्या आसपासच्या एखाद्या गावी आणली, की आई मागेच राहते. तिचे काम मग आपल्याला करावे लागते. पौषाच्या थंडीत ते चुकले, तर सकाळी कोपऱ्यात पिलांचा ढीग दिसतो आणि खालची गुदमरून मेलेली असतात.

असे का होते? कुंपणावरचा सरडा पाहा. सकाळी तो उन्हाला बसतो, अंग तापले की सावलीत सरकतो; कारण त्याची ऊब बाहेरून येते. मोठी कोंबडी मात्र आपले अंग सुमारे 41 अंश सेंटिग्रेडवर स्वतःच राखते. पिलू पहिले दोन-तीन आठवडे या दोघांच्या मधले. अंगावर नुसती लव, पिसे यायची असतात. म्हणून त्याला ऊब हवी आणि ती जास्त झाली तर सरकायला जागाही हवी. परदेशांत काही हौशी लोक ऑस्ट्रेलियातला दाढीवाला सरडा काचेच्या पेटीत पाळतात. तेही पेटीचे एक टोक उबदार आणि दुसरे थंड ठेवतात. नियम तोच.

आता दिवा कोणता घ्यावा? इथेच हल्ली फसगत होते. जुना तारेचा बल्ब शंभरातली सुमारे नव्वद भाग वीज उष्णतेत घालवी. दिवा म्हणून तो उधळ्या, पण पिलांना तेच हवे. नवा एलईडी दिवा उजेड भरपूर देतो, ऊब जवळजवळ नाही. उजेडात पिलांना दाणा-पाणी दिसते, पण उजेड म्हणजे ऊब नव्हे. तेव्हा तारेचा बल्ब किंवा ऊब देणारा खास दिवा मागून घ्या. पिलामागे दोन वॅट हा हिशेब धरा. पन्नास पिलांना शंभराच्या एका बल्बापेक्षा साठ-साठचे दोन बरे. एक गेला तरी दुसरा असतो.

पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे गोल कडे करा, म्हणजे कोपराच राहत नाही. खाली भाताचे तूस पसरा. दिवा मजबूत साखळीने टांगा. तो तुसावर पडला तर आग लागेल. पिले यायच्या आदल्या दिवशीच दिवा लावून जागा तापवा. पहिल्या आठवड्यात पिलांच्या पाठीच्या उंचीवर 35 अंश ठेवा, मग दर आठवड्याला सुमारे तीन अंश उतरवा. पुसदकडे वैशाखात दुपारी बाहेरच चाळीसच्या वर असते, तेव्हा दिवा बंद ठेवून वारा खेळू द्या.

थर्मामीटर नसला तरी पिले सांगतातच. दिव्याखाली दाटी करून चिवचिवली, तर थंडी आहे. दिवा खाली घ्या. कड्याला लागून चोच उघडून धापा टाकू लागली, तर उकडते आहे. दिवा वर घ्या. सगळीकडे पसरून दाणे टिपू लागली, की समजा, जमले!

रात्री वीज गेली, तर गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र ठेवू नका. तिच्या विषारी वायूने पिलेही जातील आणि माणसेही.

गुरुजी, एक प्रयोग शाळेत करून पाहा. एलईडी दिवा आणि तारेचा बल्ब सारख्या उंचीवर टांगा, खाली एकेक थर्मामीटर ठेवा आणि अर्ध्या तासाने मुलांना आकडे लिहू द्या. मुले घरी जाऊन सांगतील, आणि पुढच्या थंडीत पिले वाचतील.